मी पैज जिंकले!

आमच्या घरात वर्ष तीनदा सुरू होते. एकदा जानेवारीत, भिंतीवरचे कॅलेंडर बदलले की. दुसऱ्यांदा पाडव्याला, गुढी उभी राहिली की. आणि तिसऱ्यांदा मोटारसायकलच्या शर्यतींचा नवा हंगाम सुरू झाला की! हा तिसरा वर्षारंभ कुठल्या पंचांगात सापडायचा नाही. पण तो जवळ आल्याची चिन्हे मला बिनचूक कळतात. चिरंजीवांचे फोन वाढतात. "आई, बरी आहेस ना? गुडघा काय म्हणतो?" एवढे विचारून झाले, की लगेच, "बरं, यंदा कोण?" रविवारच्या मुंजी-बारशांची आमंत्रणे आली की आमचे हे चष्मा लावून आधी शर्यतींचे वेळापत्रक बघतात, आणि मगच आमची तब्येत बरी आहे की नाही ते ठरते.

आता तुम्ही म्हणाल, साठी उलटलेल्या बाईला मोटारसायकलच्या शर्यतींशी काय कर्तव्य? मीही एके काळी हेच म्हणत होते. किंबहुना ज्या घरात मोटारसायकलचे नाव काढायची चोरी, त्या घरात या शर्यती शिरल्या कशा, आणि शिरल्या त्या ठाण मांडून कशा बसल्या, तेच सांगायला बसले आहे.

त्या शिरल्या केबलच्या तारेतून. चिरंजीव तेव्हा अकरावीत होते. रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला दिवाणखान्यातून माश्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज यायचा. एकदा कणीक मळता मळता डोकावले, आणि कणकेच्या हाताने डोळे झाकून घेतले. चामड्याचा पोशाख घातलेले वीसएक तरुण ताशी तीनशे किलोमीटरने येत होते आणि वळणावर गाडी इतकी आडवी करीत होते, की त्यांचे गुडघे जमिनीला घासत होते! गुडघ्याला मुद्दाम प्लॅस्टिकच्या चकत्या लावलेल्या असतात, त्या घासण्यासाठीच, असे चिरंजीवांनी मला समजावून सांगितले. त्याने माझे समाधान होण्याऐवजी पोटात गोळाच आला.

पण खरे सांगायचे तर, त्या वेळी भीतीपेक्षा कंटाळाच जास्त वाटायचा. कारण जिंकायचा तो एकच. व्हॅलेंटिनो रॉसी नावाचा इटलीचा कुरळ्या केसांचा तरुण. २००१ ते २००५ अशी सलग पाच वर्षे त्याने जगज्जेतेपद घेतले होते. २००५ साली सतरा शर्यती झाल्या, त्यातल्या अकरा यानेच जिंकल्या. पाचवा अंक आधीच ठाऊक असलेले नाटक माणसाने किती वेळा बघावे? मी चिरंजीवांना तसे म्हटले की ते रागवायचे. रॉसी म्हणजे त्यांचे दैवत. आमच्या सासूबाईंनाही तो फार आवडे. गाडीवर बसण्यापूर्वी तो तिच्याशेजारी उकिडवा बसायचा, पायटेकणीला हात लावायचा आणि मान खाली घालायचा. सासूबाई म्हणत, "बघ, वाहनाला नमस्कार करतो पोरगा. आपल्याकडं दसऱ्याला एकदा करतात, हा रोज करतो. वळण आहे हो घरात!"

पुढच्या वर्षी मात्र रंग पालटला. २००६ चा हंगाम सुरू होण्याआधी महिनाभर आमच्या घरात चिरंजीवांच्या मित्रांची जी खलबते चालली, तशी खलबते मी फक्त लग्नाच्या याद्या करतानाच पाहिली आहेत. दोन नवे तरुण येत होते, दोघेही अवघे वीस वर्षांचे. एक स्पेनचा डानी पेद्रोसा, अंगाने इतका लहान की एवढी गाडी त्याला पेलते कशी हा प्रश्न पडावा; दुसरा ऑस्ट्रेलियाचा केसी स्टोनर. शिवाय लाल गाडीवर कापिरोस्सी, मेलांद्री आणि अमेरिकेचा निकी हेडन. "यंदा काय वाट्टेल ते होईल, काकू!" असे एक मित्र पोह्यांची तिसरी बशी घेता घेता म्हणाला. आमच्या यांनी बँकेतून आणलेली एक जुनी कोरी कीर्दवही काढली, रेघा मारल्या आणि गुणांचा हिशेब मांडायला घेतला. पहिल्याला पंचवीस, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला सोळा, मग तेरा, अकरा, असे उतरत पंधराव्याला एक. "हे बरं आहे," हे म्हणाले, "पडेल त्यालाही उठून एखादा रुपया कमवायची सोय आहे."

पाडव्याला चार दिवस होते. २६ मार्चला स्पेनमधल्या हेरेझला पहिली शर्यत. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवे मालवले, गाड्या सुटल्या आणि पहिल्याच वळणावर टोनी एलियास नावाच्या स्पॅनिश मुलाची गाडी मागून येऊन रॉसीला लागली. दैवत धुळीत! मुले अशी गप्प झाली, की बोर्डाच्या यादीत नंबरच नाही. रॉसी उठला, गाडी उचलली आणि सगळ्यांच्या मागून निघून चौदावा आला. यांनी कीर्दीत त्याच्या नावापुढे दोन गुण लिहिले. त्या दोन आकड्यांकडे बघून मला पहिल्यांदा वाटले, की आता हे बघण्यासारखे आहे.

आणि खरोखरच होते! चीनमध्ये रॉसीच्या गाडीचे टायर गेले; फ्रान्समध्ये पुढे असताना गाडीच बंद पडली. जून महिन्यात हॉलंडच्या असेनला सरावात पडून त्याचा हात मोडला, तरी तो शर्यतीत उतरला आणि आठवा आला. मधल्या काळात इटलीत जिंकला, बार्सिलोनाला जिंकला. दर रविवारी नवा विजेता, नवे भांडण. त्या वर्षी सात निरनिराळ्या माणसांनी शर्यती जिंकल्या. पोह्यांचा खर्च वाढला, आणि माझ्याही नकळत मी बशा ठेवायला म्हणून जाऊन तिथेच टेकू लागले.

माझा पक्ष ठरला तो निकी हेडन. कारण विचाराल तर अगदी बायकी आहे. तो दरवेळी घरी येत असे! कधी तिसरा, कधी दुसरा, क्वचित पाचवा-सातवा. पण शर्यत अर्धवट टाकली असे नाही. कचेरीतून रोज सहा-वीसच्या बसने परतणाऱ्या माणसासारखा. केंटकी परगण्यातल्या ओवेन्सबरो गावचा, शर्यती खेळणाऱ्या भावंडांतला एक. त्याच्या गाडीवरचा ६९ हा आकडा त्याच्या वडिलांचा. ते तरुणपणी शर्यतीत पडायचे फार. म्हणून त्यांनी असा आकडा घेतला होता, की माणूस उलटा झाला तरी तो वाचता यावा! हे ऐकून मी हसले, आणि मग बराच वेळ हसू आले नाही. रॉसीचा ४६ हाही त्याच्या वडिलांचाच. ग्रात्सियानो रॉसी १९७९ साली तोच आकडा लावून शर्यती जिंकत होते. म्हणजे दोन्ही घरांत बापांनीच मुलांच्या हातात गाडी दिली. त्यांच्या आयांना काय वाटत असेल, याचा विचार त्या दिवाणखान्यात माझ्याखेरीज कुणी करीत नव्हते.

जुलैतल्या एका रात्री पाणी प्यायला उठले. तीन वाजले असतील. दिवाणखान्यात निळा उजेड. आवाज बंद करून चिरंजीव एकटेच बसले होते. अमेरिकेतल्या लागुना सेकाची शर्यत चालू होती. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. बारावीचे वर्ष! मी रागवायला तोंड उघडले, तेवढ्यात रॉसीच्या गाडीचे इंजिन गेले. हेडन जिंकला. चिरंजीवांनी टीव्ही बंद केला आणि अंधारातच म्हणाले,

"आई, डिसेंबरात मला अठरा पूर्ण होतायत. मला मोटारसायकल हवी."

तुम्हाला सांगते, या वाक्याची मी सतरा वर्षे वाट बघत होते.

माझ्या थोरल्या भावाची, दादाची, फटफटी होती. १९७२ च्या मे महिन्यात तो मुंबईहून पुण्याला येत होता. तेवीस वर्षांचा होता. कामशेतच्या अलीकडे रस्त्यातच एक ट्रक उभा होता, मागचा दिवा नसलेला. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आईने त्यानंतर फटफटी हा शब्द उच्चारला नाही. दादाचा गॉगल मात्र तिने रुमालात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता, आणि त्या फळीला हात लावायची आम्हाला बंदी होती. तो रुमाल आता माझ्या कपाटात आहे.

चिरंजीवांना हे सगळे ठाऊक होते. म्हणूनच मी 'नाही' म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही. पण त्यांचा चेहरा बघवेना. मग मला एक युक्ती सुचली. आज तिला मी युक्ती म्हणत नाही. यांच्या कीर्दीप्रमाणे अकरा शर्यतींनंतर हेडनचे १९४ गुण होते आणि रॉसीचे १४३. एक्कावन्नाचा फरक, शर्यती उरल्या सहा.

"पैज लावतोस?" मी म्हटले. "तुझा रॉसी यंदा जगज्जेता झाला तर घे मोटारसायकल, मी अडवणार नाही. नाही झाला, तर या घरात पुन्हा तिचं नाव काढायचं नाही."

माझा मुलगा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या दैवतावर अविश्वास दाखवता येत नाही. हे मला माहीत होते, आणि त्याचाच मी फायदा घेतला.

"लागली," तो म्हणाला.

सकाळी यांना सांगितले तेव्हा हे नुसते 'हं' म्हणाले. मग कीर्द उघडून बराच वेळ बघत बसले. "सहा शर्यती म्हणजे दीडशे गुण," हे म्हणाले. "अजून खातं बंद झालेलं नाही."

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाचे मी ऐकायला हवे होते. गणपतीच्या आधी ब्रनोला शर्यत झाली, फरक अडतीस. पितृपंधरवड्यात मलेशियाला रॉसी जिंकला, फरक सव्वीस. पुढच्या रविवारी ऑस्ट्रेलियात एकवीस. नवरात्रात जपानला बारा! हेडन पडत नव्हता, पण पुढेही येत नव्हता. पाचवा, पुन्हा पाचवा. आणि तो पिवळ्या गाडीवरचा राक्षस (हो, तेव्हा मी त्याला राक्षस म्हणू लागले होते) दर रविवारी माझ्या उंबऱ्याजवळ येत होता. माझा स्वयंपाक बिघडू लागला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मुलाचं बारावीचं वर्ष म्हणजे आईलाच काळजी. मी मान डोलावली. त्यांना काय सांगणार?

१५ ऑक्टोबर. दिवाळी आठवड्यावर आलेली. पोर्तुगालमधल्या एस्टोरिलला शेवटून दुसरी शर्यत. मी मुद्दामच त्या वेळी चकल्या काढल्या होत्या. कढईपाशी असले म्हणजे बघावे लागणार नाही. कान मात्र बाहेर. पाचव्या फेरीत एकदम ओरडा झाला. मी झारा घेऊनच धावले. हेडन वाळूत गुडघ्यांवर बसून हात उडवून ओरडत होता. त्याला पाडले होते कोणी? पेद्रोसाने! म्हणजे त्याच्याच संघाच्या, तशाच नारिंगी गाडीवरच्या जोडीदाराने! वळणावर पुढे घुसायला गेला, स्वतः घसरला आणि याला घेऊन गेला. सासूबाई म्हणाल्या, "भाऊबंदकी कुठं चुकली आहे? पेशव्यांना नाही चुकली!" पंधरा शर्यतींत एकदाही वाट न चुकलेला माझा माणूस सोळाव्या शर्यतीत घरी आला नाही.

मी कढईकडे परत आले. शेवटच्या फेरीला पुन्हा आरडाओरडा, आणि मग एक लांबलचक 'अरेरे'. रॉसी दुसरा आला होता. पहिला आला टोनी एलियास. तोच तो, पहिल्या शर्यतीत रॉसीला पाडणारा! मोठ्या गटातला त्याचा तो पहिला विजय. पुढेही त्याला तिथे दुसरा मिळाला नाही. दोघांतले अंतर किती? ०.००२ सेकंद. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले दोन. यांनी कागदावर गणित मांडले: ताशी अडीचशेचा वेग धरला तर चौदा सेंटीमीटर. माझ्या झाऱ्याचे तोंड त्याहून मोठे नसेल. पण ते गणित ऐकायचे त्राण माझ्यात कुठे होते? मला कीर्दीतला दुसराच आकडा दिसत होता. रॉसी २४४, हेडन २३६. माझे एक्कावन्न गुण बुडून वर आठाचे कर्ज झाले होते. त्या घाण्याच्या चकल्या कोळसा झाल्या.

ती दिवाळी मी कशी काढली ते मलाच ठाऊक. चिरंजीव बिचारे एका शब्दानेही टोचून बोलले नाहीत. उलट उटणे लावताना म्हणाले, "आई, मी हेल्मेट घालीन. रोज घालीन." त्याने तर माझ्या काळजाचे पाणी झाले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चोपडी, नाणी, लाह्या-बत्तासे मांडले. दरवर्षी मी काही मागत नाही. आहे ते राहू दे म्हणते. त्या दिवशी हात जोडले आणि मागितले: तो पडू दे.

कोण, ते देवीला सांगावे लागले नसेल.

२९ ऑक्टोबरला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला शेवटची शर्यत. डब्याच्या तळाशी शंकरपाळे उरले होते, ते वाटीत घालून मी सगळ्यांच्या पुढे ठेवले आणि पहिल्यांदाच समोर खुर्चीवर बसले. रॉसी सर्वांत पुढच्या जागेवरून निघणार होता, पण सुटताना मागे पडला. सहा जण त्याच्या पुढे. तरी हे म्हणाले, "हेडन तिसरा आला तरी याला आठवा नंबर पुरतो. गुण सारखे होतील, आणि जास्त शर्यती यानं जिंकल्यात." आठवा! असेनला मोडक्या हाताने आला होता तो नंबर. मी मनातल्या मनात पैज सोडून दिली.

आणि पाचव्या फेरीत तो पडला.

कुणी ढकलले नाही, कुणी आडवे आले नाही. वळणावर पुढचे चाक हलकेच सटकले आणि तो बसल्या-बसल्या घसरत गेला, घसरगुंडीवरून लहान मूल जावे तसा. सासूबाई माळ टाकून म्हणाल्या, "अगंबाई, लागलं का गं त्याला?" कोणीच उत्तर दिले नाही. माझे तर हातपाय गार पडले होते. पडद्यावर मला तो दिसतच नव्हता. कामशेतचा रस्ता दिसत होता, न पाहिलेला, आणि तरी चौतीस वर्षे पाहत आलेला. त्या मुलालाही आई होती. तीही कुठे तरी बघत असेल. मी तिच्या मुलाचे पडणे मागून घेतले होते, लाह्या-बत्तासे वाहून.

तो उठला. गाडी उचलली, ढकलली, पुन्हा बसला आणि शेवटून निघाला. जिंकणे संपले होते, तरी एकेकाला मागे टाकीत तेरावा आला. शर्यत जिंकली ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय बेलिसने. जखमी गड्याच्या जागी एका दिवसापुरता आलेला पाहुणा! दुसरा कापिरोस्सी, तिसरा हेडन. २५२ आणि २४७. हेल्मेटच्या आत हेडन ढसाढसा रडत होता, आणि रॉसीने जवळ येऊन त्याचे अभिनंदन केले. माझा मुलगा उभा राहिला. त्याने हेडनसाठी टाळ्या वाजवल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जिंकलीस, आई," आणि अभ्यासाला निघून गेला.

रात्री यांनी कीर्द मिटताना एक गोष्ट दाखवली. पाच गुणांनी गेले. एस्टोरिलला ते चौदा सेंटीमीटर रॉसीकडे असते, तर पंचवीस गुण मिळून तोही २५२ वर आला असता, आणि जास्त विजयांमुळे जगज्जेता तोच ठरला असता. "म्हणजे तू पैज हरली होतीस," हे म्हणाले, "त्या चकल्या जळाल्या तेव्हाच तुझी वाचली."

डिसेंबरात वाढदिवसाला मी चिरंजीवांना सायकल घेऊन दिली. गिअरची, निळी, चांगली महागातली. मनात म्हटले, वेग हवा ना? घे. हिच्यावर कुणी मरत नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षे त्याने ती दामटली. पैज मात्र अक्षरशः पाळली. पुढे नोकरी लागली ती चाकणला, आणि कशाची? मोटारसायकलीचे भाग तपासण्याची! दिवसभर शेकडो मोटारसायकलींचे भाग हातांखालून घालवायचे आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी यायचे. त्याच्या मित्रांना हा विनोद वाटे. मलाही वाटावा असे मी दाखवीत असे.

१७ मे २०१७. रात्री फोन आला. "आई, हेडनला अपघात झालाय. इटलीत, रिमिनीजवळ."

"शर्यतीत?"

"नाही." तो थांबला. "सायकलवर होता. सरावाला निघाला होता. मोटार लागली."

पाच दिवस आम्ही दोघे रोज एकमेकांना फोन करीत होतो. काय बातमी, एवढेच. २२ तारखेला ती आली. हेडन पस्तीस वर्षांचा होता. त्या रात्री मुलगा घरी येऊन बसला. निळी सायकल गॅलरीत भिंतीला टेकून उभी होती. आम्ही दोघेही तिच्याकडे बघायचे टाळत होतो. मग मी त्याला लक्ष्मीपूजनाची गोष्ट सांगितली. अकरा वर्षे कुणाला सांगितली नव्हती, यांनासुद्धा नाही. वाटले, तो रागावेल. तो खाली बघत म्हणाला,

"एस्टोरिलला हेडन पडला ना, तेव्हा मी टाळी वाजवली होती. जोरात. तू कढईपाशी होतीस, तुला दिसलं नाही. तो वाळूत बसून ओरडत होता आणि मी टाळी वाजवत होतो."

आम्ही बराच वेळ बसलो. शेवटी मी म्हटले, "तुला हवी असली तर घे आता मोटारसायकल. पैज मोडली असं समज."

"आता कशाला?" तो म्हणाला. "बसमध्ये झोप चांगली लागते."

त्याने ती घेतली नाही, पण त्या वर्षीचे बाकीचे सगळे रविवार आम्ही एकत्र पाहिले. जी ऑस्ट्रियन मोटारसायकल चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते, तिच्या कंपनीने त्याच वर्षी या शर्यतींत पाऊल टाकले होते. गाडी अजून रांगतच होती. तरी चिरंजीव 'आमची, आमची' म्हणून ओरडायचे. २०२० साली ब्रनोला ब्रॅड बिंडर नावाच्या दक्षिण आफ्रिकेच्या मुलाने तिला पहिला विजय मिळवून दिला, तेव्हा चाकणचा पेढा मी खाल्ला आहे. २०२१ अखेर रॉसी निवृत्त झाला. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, नाही तर त्यांनी डोळ्याला पदर लावला असता.

मग २०२३ च्या सप्टेंबरात या शर्यतीच भारतात आल्या. दिल्लीजवळ, ग्रेटर नोएडाला. गणपती घरात होते. पण आमचा दीड दिवसाचा. विसर्जन झाले आणि चिरंजीवांनी विमानाची तिकिटे पुढे ठेवली. "गुडघ्याचं काय?" मी म्हटले. "त्यांचे गुडघे जमिनीला घासतात, तुझा नुसता खुर्चीवर ठेवायचाय," असे उत्तर मिळाले.

२४ तारखेची दुपार. ऊन असे की शर्यतीच्या चोवीस फेऱ्यांच्या एकवीस केल्या. सभोवती पिवळ्या टोप्याच टोप्या, प्रत्येकीवर ४६. ज्याने गाडी ठेवून दोन वर्षे होत आली, त्याच्या नावाने हा मेळा! पुढे होता तोही रॉसीच्याच संघाचा पोरगा, बेझेक्की. गाड्या समोरून गेल्या तेव्हा आवाज कानांनी ऐकला असे म्हणता येणार नाही. तो बरगड्यांत वाजला. एवढी वर्षे दिवाणखान्यात ऐकले ते माश्यांचे मोहोळ निव्वळ खोटे होते.

दुसऱ्या नंबरवर बान्याया होता, जगज्जेता. गुणांत सर्वांच्या पुढे असलेला. चौदाव्या फेरीत तो पडला. सगळा माळा उभा राहिला. आमच्या मागच्या रांगेत कॉलेजातली पाच-सहा मुले होती, मराठीच बोलत होती, नागपूरची असावीत. त्यांनी शिट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. त्यांचा आवडता दुसरा कुणी असणार. माझ्या तोंडून मोठ्यानेच निघून गेले,

"अगंबाई, लागलं का रे त्याला?"

मुलाने चटकन माझ्याकडे पाहिले. मागचा एक मुलगा टाळी अर्धीच ठेवून वाकला. हातात छोटी दुर्बीण होती.

"नाही, आजी. उठला बघा. चालतोय."

त्याने दुर्बीण माझ्यापुढे धरली. चष्म्यावरून काही नीट दिसेना. मी चष्मा काढून मुलाच्या हातात दिला आणि ती डोळ्यांना लावली.